टोपीच्या आतली पट्टी

३ ऑक्टोबर, मंगळवार

आज कपडेपटात बसून एक नियम मोडला. सत्तावीस वर्षं पाळलेला.

या नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळायला आलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, सुई कधी हातात न धरलेला. इथल्या शिंपी मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं : ओला कपडा टांगायचा नाही, मेलेल्या नटाचे बूट जिवंत नटाला द्यायचे नाहीत आणि त्या एका फौजी टोपीची आतली पट्टी कधी उसवायची नाही. नट बदलला की नव्याच्या नावाची फीत जुन्या फितीवरच शिवायची. कारण मी विचारलं नाही. मोठ्या माणसाने सांगितलं की ते तसंच असतं, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं.

मास्तर त्यानंतर बारा वर्षं कपडेपटात होते. गुडघे गेल्यापासून आमच्याच घरी, पुढच्या खोलीत असतात. त्यांना आपलं म्हणावं असं कुणी नाही.

नवा नायक (सगळे त्याला राजबिंडा म्हणतात, त्यालाही ते आवडतं) तालमीपासून तक्रार करतोय. "काका, तिसऱ्या अंकात टोपी डोकं आवळते."

मी म्हटलं, "घामाने चामडं आकसतं."

"घाम मला पहिल्या अंकात जास्त येतो. संवाद तेव्हाच आठवत नसतात."

तिसऱ्या अंकात त्या सैनिकाला गोळ्या घालतात. हे नाटक आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी पुन्हा उभं राहतं आणि टोपी तीच असते. याआधीच्या नटानेही आवळते म्हणून सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं होतं.

आज दुपारी टोपी डोक्याच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर चढवली आणि आतली चामड्याची पट्टी उसवली. तिच्यावरच्या फितीही एकेक सोडवल्या. एकावर एक पाच निघाल्या. वरच्या चार नटांना मी ओळखतो. त्यातला एक आता आजोबांच्या भूमिका करतो, एक गेला. पाचवं नाव मी फक्त ऐकलेलं. आणि सगळ्यात खाली, चामड्याला लागून, सहावी फीत. तिच्यावर नाव नाही. पाच आकडी नंबर, शाईने लिहिलेला.

म्हणजे ही नाटकासाठी शिवलेली टोपी नाही. ही खरी आहे. कुणाच्या तरी डोक्यावर होती.

फीत ज्याने शिवली त्याचा हात चांगला होता. बारीक तुरपाई, प्रत्येक टाका डावीकडे कललेला, जसा असायला हवा तसा. हल्ली असा टाका माझ्याशिवाय कुणी घालत नाही. जणू तो माणूस आमच्याच कपडेपटात शिकला असावा.


४ ऑक्टोबर

मास्तरांना सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण त्यांच्यापासून लपवून मला जेवण गेलं नसतं.

ते डाव्या हातात चहाचा पेला धरून बसले होते. पेला खाली ठेवला. "कुणी सांगितलं उसवायला?"

"नट म्हणत होता आवळते."

"नट काय, उद्या म्हणेल पाय आवळतात, पाय उसवशील? शिवून टाक परत."

"मास्तर, आत फौजेचा नंबर आहे. कुणाची तरी टोपी आहे ती."

"सगळेच कपडे कुणाचे तरी असतात. आपण धुवायचे, इस्त्री करायची, पुढे द्यायचे."

"तुम्हीच आणली होती ना? कुठून?"

"जुन्या बाजारातून," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला कशाला छळता?" मी छळलं नव्हतं. पण नियम मी मोडला होता, तेव्हा पेला उचलून आत नेला.


९ ऑक्टोबर, सोमवार

सोमवारी नाट्यगृह बंद असतं. फौजेच्या जुन्या दप्तरात गेलो. लांबलचक खोली, छतापर्यंत कपाटं आणि एकच कारकून. त्याचा चष्मा कपाळावर होता आणि तोच तो टेबलावर शोधत होता.

"काय हवंय? वारसाचा दाखला की पदक?"

"टोपीचा मालक."

"टोपी हरवली?"

"टोपी आहे. मालक हरवलाय."

यावर तो हसला आणि उठला. बहुधा त्याला पुष्कळ दिवसांत कुणी वेगळं काही विचारलं नसावं. तासाभराने धुळीने पांढरा होऊन एक वही घेऊन आला. नंबर सापडला. वय बावीस. हुद्दा साधा शिपाई. शेऱ्यात लिहिलेलं : बेपत्ता, मृत समजावे. घरी कळवल्याची तारीख. छप्पन्न वर्षं झाली.

नाव कळलं. इथे लिहीत नाही. त्या माणसाला न विचारता त्याचं नाव माझ्या वहीत कशाला?

मी निघालो तर कारकून म्हणाला, "थांबा. याची एक गंमत आहे." आणि खालच्या कप्प्यातून सुतळीने बांधलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला. त्या शिपायाची बहीण दर वर्षी एक कार्ड पाठवते. चोपन्न कार्डं. सगळ्यांवर मजकूर एकच : 'आमचा पत्ता तोच आहे.' खाली पत्ता. अक्षर आधी मुलीचं, मग बाईचं, मग म्हातारीचं होत गेलेलं.

"आम्ही उत्तर देत नाही," कारकून म्हणाला. "काय देणार? पण फेकवतही नाहीत."

या वर्षीच्या कार्डावर एक ओळ जास्त होती. '३१ ऑक्टोबरनंतर हा पत्ता राहणार नाही. काही कळवायचे असल्यास त्याआधी कळवावे.'

मी पत्ता उतरवून घेतला. मला दिलेलं काम आहे असं वाटलं. कुणी दिलं ते लिहीत नाही, वाचणाऱ्याला अहंकार वाटेल. वाचणारा मीच आहे म्हणा.


९ ऑक्टोबर, संध्याकाळी

मास्तरांना कार्डांबद्दल सांगितलं. मला वाटलं उठून बसतील, त्यांना अशा गोष्टी आवडतात.

"दर वर्षी?" त्यांनी विचारलं.

"दर वर्षी. चोपन्न."

मग म्हणाले, "पाणी दे रे जरा." दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही, नुसतं धरून ठेवलं.


१२ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी कपडेपटात कुणी नसतं. दोन्ही बाजूंना कपडे टांगलेले, राजांचे, भिकाऱ्यांचे, वकिलांचे, आणि मधून एक माणूस जाईल एवढी वाट. सत्तावीस वर्षांत मला तिथे कधी एकटं वाटलं नाही. आज वाटलं. एकटं नाही, उलटंच. तिसऱ्या रांगेत, फौजी कोटांच्या मागे कुणीतरी उभं आहे असं वाटत राहिलं. दोनदा जाऊन पाहिलं. कोट होते. एक कोट हलत होता, पण खिडकी उघडी होती.

टोपी ठोकळ्यावर असते. ठोकळ्याला नाकडोळे नाहीत, तरी मी तिच्याकडे पाठ करून बसू शकलो नाही.

डोळे मिटून त्या मुलासाठी प्रार्थना केली. बावीस वर्षांचा म्हणजे मुलगाच. मी इथे आलो तेव्हाचं माझं वय. म्हटलं, देवा, तो जिथे पडला असेल तिथे त्याला शांती दे. आता रोज करतो.

घरी आल्यावर मास्तरांना हेही सांगितलं. हल्ली ते स्वतःहून विचारतात, आज टोपीचं काय झालं.

"काय मागितलंस त्याच्यासाठी?"

"शांती."

"मिळाली का त्याला?"

"कसं कळणार? मिळाली असती तर टोपीने असं केलं नसतं."

मास्तर हसल्यासारखे झाले. "माग, माग. मागत राहा. त्याला पुष्कळ लागेल."


१४ ऑक्टोबर, शनिवार

प्रयोग चांगला झाला. तिसऱ्या अंकात बंदुकांचा आवाज झाला तेव्हा मी विंगेत होतो आणि एक जुनी गोष्ट आठवली. मास्तर कपडेपटात होते तेव्हा या अंकाला ते कधी विंगेत थांबत नसत. आत जाऊन इस्त्री करत बसायचे. एकदा मी बोलवायला गेलो तर इस्त्री थंड होती आणि ते फौजी कोटांमध्ये तोंड खुपसून उभे होते. म्हणाले, कसर लागली का बघतोय.

असा काटेकोर माणूस. कसर त्या कोटांना आजवर लागलेली नाही.

राजबिंडा उतरल्यावर म्हणाला, "काका, आज आवळली नाही. आज हलकी होती. त्यानेच जास्त भीती वाटली."


१७ ऑक्टोबर, मंगळवार

पहाटेची बस धरून त्या पत्त्यावर गेलो. टोपी पिशवीत, पांढऱ्या कापडात गुंडाळून. उतरताना पिशवीचा बंद तुटला आणि ती छातीशी धरूनच चालत गेलो, तान्ह्या मुलासारखी.

गल्लीच्या टोकाचं घर. दार उघडंच होतं. सत्तरी ओलांडलेली सडपातळ बाई खोक्यांना दोरी बांधत होती. मी कुठून आलो ते सांगितलं. तिने हातातली गाठ पूर्ण बांधली, मग वर पाहिलं.

"बसा त्या खोक्यावर. खुर्च्या पुढे गेल्या मुलीकडे." एकच खुर्ची राहिली होती, खिडकीशी, गल्लीकडे तोंड केलेली. तिच्यावर ती स्वतः बसली.

मी टोपी दिली. मला वाटलं होतं रडेल. तिने टोपी उलटी करून नाकाशी नेली. "वास नाही राहिला," म्हणाली. मग भिंग काढलं आणि नंबरची फीत टाक्याटाक्याने पाहिली.

"त्याचाच हात. आई लोकांचे कपडे शिवायची ना, तिच्याजवळ बसून शिकला. पण डावरा. टाका उलटा पडायचा. आई म्हणायची, हा शिवतो की उसवतो, देवच जाणे."

उलटा? मला तर काही उलटं दिसलं नव्हतं. पण म्हातारीशी वाद कोण घालणार.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही दर वर्षी कार्ड टाकत होता."

"काय करणार? 'मृत समजावे' म्हणून पत्र आलं. समजावे म्हणजे काय? आईने समजून घेतलं आणि दोन वर्षांत गेली. मला नाही समजता आलं. मुलगी केव्हाची बोलावते आहे, मी जात नाही. घर सोडलं आणि हा आला तर कुलूप बघून परत जाईल. आता डॉक्टर म्हणतात डोळे वर्षभर पुरतील, एकटं राहायचं नाही. मला दोन्हीपैकी एक कळायला हवं होतं, बस. आहे, नाहीतर नाही." तिने टोपीवरून हात फिरवला. "टोपी आली म्हणजे नाहीच म्हणायचं. बरं झालं तुम्ही आलात. आता दार लावून जाईन."

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. यासाठीच मला पाठवलं होतं, असं वाटलं.

तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं. "बंद तुटलाय. आणा, घालते टाका. डोळे गेले तरी हात आहेत." मी नको म्हणत होतो तोवर तिने पिशवी ओढून घेतली. तिच्या एका कोपऱ्याला मी मागे ठिगळ लावलं होतं. तिची बोटं त्यावर थांबली. भिंग पुन्हा काढलं.

"हे कुणी शिवलं?"

"मीच."

"डावरे आहात?"

"नाही."

"मग असं डावीकडून उजवीकडे कसं शिवता?"

मी कधी विचारच केला नव्हता. "मास्तरांकडे बघून शिकलो. त्यांच्या शेजारी बसून, त्यांचा हात जसा चालेल तसा. आमच्या कपडेपटात असंच शिवतात."

"मास्तर म्हणजे?"

"टोपी त्यांनीच आणलेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आमच्याकडे असतात. गुडघ्यांनी बेजार आहेत, बाकी ठीक."

तिने ठिगळावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. मग तिने बंद शिवून दिला, दोरा दाताने तोडला आणि टोपी पुन्हा त्या कापडात गुंडाळून पिशवीत घातली.

"घेऊन जा परत."

"अहो, पण ही तुमची—"

"तुमच्या मास्तरांना सांगा, एवढी वर्षं सांभाळली तर स्वतःच्या हाताने आणून द्यावी. मी एकतीसपर्यंत आहे."

परतीच्या बसमध्ये मी खट्टू झालो होतो. इतकं करून टोपी पुन्हा मांडीवरच. म्हाताऱ्या माणसांचं मन कधी कुठे अडेल सांगता येत नाही. मास्तरांना तर जिना उतरायला दोन माणसं लागतात.


१८ ऑक्टोबर

मास्तरांना निरोप दिला, शब्दाला शब्द. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग एक एक विचारत राहिले. घराला रंग कोणता आहे. खिडकी गल्लीकडेच आहे का. ती काठी घेते का. आवाज कसा आहे.

"चढा आहे," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले.

मी म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास, मीच परत जाऊन देतो. त्यावर त्यांनी हात हलवला, माशी वारावी तसा. जेवले नाहीत.


२१ ऑक्टोबर, शनिवार

तीन दिवस मास्तर अन्नाला शिवलेले नाहीत. अंगात थोडा ताप. डॉक्टर म्हणाले छाती स्वच्छ आहे, वय आहे. मी दुपारी त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने प्रार्थना केली. त्यांच्यासाठी केली आणि सवयीने त्या सैनिकासाठीही केली. त्याचं नाव घेऊन. मास्तरांनी उशीत तोंड घातलं आणि त्यांची पाठ हलू लागली.

बाहेर आलो तर ही दारातच उभी.

"अहो, ते नाव परत घेऊ नका त्यांच्यापुढे."

"का? मेलेल्या माणसासाठी—"

"तुम्ही डोळे मिटून एवढा वेळ बसता देवापुढे. उघडे ठेवून कधी बघता का समोरच्याकडे?"

तिला राग आला होता असं नाही. माझी कीव आली होती.

मी कपडेपटात आलो. प्रयोगाला दोन तास होते. मास्तरांनी शिवलेला एक जुना अंगरखा काढला, टोपी काढली, दोन्हींचे टाके खिडकीच्या उजेडात शेजारी धरले.

पुढे लिहवत नाही.


२२ ऑक्टोबर

आज प्रार्थनेला बसलो नाही.


२४ ऑक्टोबर, मंगळवार

मी काही विचारलं नव्हतं. दाढी करून देत होतो, चेहऱ्याला साबण, आणि मास्तर बोलू लागले. माझ्या हातात वस्तरा होता म्हणून मी निमूट ऐकलं. कदाचित म्हणूनच त्यांनी ती वेळ निवडली.

"आमच्यातलाच एक होता. एकोणीस वर्षांचा. घाबरून पळाला, पकडून आणला. आठ जणांना समोर उभं केलं. मी तिसरा. एकाच्या बंदुकीत गोळी नाही म्हणून सांगितलं होतं. आठही जणांना वाटतं, ती आपलीच."

मी गालावरून पातं फिरवत राहिलो.

"माझी नव्हती ती. कळतं रे. खांद्याला धक्का बसतो त्यावरून कळतं. त्याच संध्याकाळी पाणी आणायला निघालो, आणि चालतच राहिलो. ज्याच्यासाठी त्याला मारलं, तेच मी केलं. मग घरी कुठलं तोंड घेऊन जायचं? पत्र गेलं होतं घरी. मेलो तर मेलो. फिरत्या नाटक कंपनीत शिंपी हवा होता."

"टोपी टाकली का नाही?"

"टाकायला नदीवर गेलो होतो. हाताने सोडली नाही. मग म्हटलं, फौजी टोपी लपवायला फौजी टोप्यांच्या ढिगासारखी जागा नाही." मी पातं पाण्यात बुडवलं. "आणि त्या नाटकात कुणाच्या तरी डोक्यावर हवीच होती. म्हटलं, ती असू दे. गोळी लागेल तेव्हा हिलाही लागेल. दर प्रयोगाला."

मी तोंड पुसून दिलं.

एवढी वर्षं मी ज्यांच्या पायाशी बसलो ते हे. मला राग आला आहे, हे खरं आहे ते लिहितो. पळाले म्हणून नाही. त्या परीक्षेला मी कधी बसलो नाही, मी कोण गुण देणारा? राग त्या चोपन्न कार्डांचा आहे.


२७ ऑक्टोबर, शुक्रवार

"मास्तर, सोमवारी नाट्यगृह बंद आहे. गाडी मिळते आहे, राजबिंडा चालवेल."

"मेलेल्या माणसाने उठून लोकांच्या दारात जाऊ नये."

"लोक नाही. बहीण आहे."

"तिला 'नाही' हवं होतं ना? मिळालं. जाऊ दे तिला मुलीकडे सुखाने."

"तिला ठाऊक आहे."

"ठाऊक नाही. वाटतंय. वाटण्यात आणि दिसण्यात फरक आहे. दिसलो तर विचारेल. आईचं विचारेल."

ही भांडी पुसत होती, तिने तिथूनच विचारलं, "मग तुम्ही काय सांगणार, मास्तर?"

त्यांनी पांघरुणाची कड चाचपली.

मी खूप विचार केला. मास्तरांचा शब्द मी आयुष्यात एकदाच मोडला, टोपीच्या बाबतीत. आज दुसऱ्यांदा मोडला. म्हटलं, "तुम्ही आला नाहीत तर मी एकटा जाणार. टोपी देणार. आणि तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"म्हणजे धमकी देतोस."

"नाही. आधी सांगून ठेवतो."

"शिवायला शिकवलं तेव्हा वाटलं नव्हतं, माझंच काही उसवशील," असं म्हणून ते पडून राहिले. मी प्रयोगाला गेलो. तिसऱ्या अंकाच्या वेळी इस्त्री करत बसलो. इस्त्री गरम होती, तरी एकही कपडा झाला नाही.


२९ ऑक्टोबर

काही नाही. मास्तर दोन घास जेवले. हिला विचारत होते, आपला करडा कोट कुठे आहे.


३० ऑक्टोबर, सोमवार

करडा कोट घातला. राजबिंड्याने आणि मी त्यांना खुर्चीत बसवून जिना उतरवला. राजबिंड्याला मी एवढंच सांगितलं होतं की मास्तरांच्या नात्यातल्या बाई आहेत. त्याने वाटेत दोन विनोद केले, कुणी हसलं नाही, मग तोही गप्प झाला. टोपी मास्तरांच्या शेजारी सीटवर होती, न गुंडाळता. ते तिच्याकडे बघत नव्हते. रस्ता बघत होते. शहर मागे पडलं, शेतं आली, एक पूल आला, तेव्हा म्हणाले, "हा नव्हता."

गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, "इथेच थांबव."

"मास्तर, घर टोकाला आहे."

"माहीत आहे मला कुठे आहे."

राजबिंड्याने तरी गाडी हळूहळू पुढे नेली आणि घरासमोर उभी केली. मी उतरलो, त्यांच्या बाजूचं दार उघडलं. ते हलले नाहीत. दोन्ही हात मांडीवर. गुडघ्यांचा प्रश्न नव्हता, ते मला दिसत होतं. मी हात पुढे केला तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दार पुन्हा लोटलं.

दारावर थाप मारायची गरज पडली नाही. खिडकीतली खुर्ची रिकामी झालेली मी पाहिली आणि मग ती उंबऱ्यात आली. हात पदराला पुसत होती. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. पायऱ्या उतरली, चाचपडत, एका हाताने भिंत धरून. मी आधार द्यायला गेलो तर कोपराने मला बाजूला केलं.

गाडीपाशी येऊन तिने वाकून आत पाहिलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मास्तर समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होते, शिक्षा झालेल्या मुलासारखे. ते आता रडतील की बोलतील, ती ओरडेल की खाली बसेल, मला काहीच सुचत नव्हतं. मनात देवाचं नावसुद्धा आलं नाही.

तिने दार उघडलं.

"सरक," ती म्हणाली.

ते सरकले. टोपी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीला चिकटून बसले. ती आत बसली आणि दार ओढून घेतलं. राजबिंडा तोवर खाली उतरला होता. आम्ही दोघं रस्त्यात उभे, कुठे बघावं ते न कळून.

काच वर होती. आवाज ऐकू येत नव्हता. आधी ती बोलत होती आणि त्यांची मान खाली. मग ते बोलू लागले, पुष्कळ वेळ, आणि तिने हात तोंडावर नेला. मग तिने त्यांच्या मांडीवरची टोपी घेतली आणि त्या टोपीनेच त्यांच्या दंडावर मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. जोर नव्हता. त्यांनी हात आडवा केला नाही. चौथ्यांदा हात उचलला तो तसाच राहिला, आणि तिने तो त्यांच्या खांद्यावर ठेवला.

राजबिंड्याने मला हळूच विचारलं, "काका, कोण आहेत या त्यांच्या?"

"बहीण," मी म्हटलं. माझ्या तोंडून हा शब्द आज पहिल्यांदा सरळ निघाला.

थोड्या वेळाने काच खाली झाली. तिचा चेहरा ओला होता आणि आवाज चढाच.

"अहो, आत जा जरा. दूध ठेवलंय गॅसवर, उतू जाईल."

मी पळत आत गेलो. दूध उतू गेलंच होतं. सगळ्या घरात तेवढं एक पातेलं बांधायचं राहिलं होतं, आणि दोन पेले. मी गॅस बंद केला. भिंतीशी बांधलेली खोकी होती, त्यातल्या तीन-चारांच्या दोऱ्या पुन्हा सोडलेल्या दिसल्या. फडकं शोधलं, सापडलं नाही, तेव्हा खिशातला रुमाल भिजवून ओटा पुसला. सांडलेलं दूध शेगडीखाली गेलं होतं, तिथे वाकून पुसलं. मग पुन्हा एकदा पुसला. बाहेर जायची घाई नव्हती.